बास बोट फायबरची की अ‍ॅल्युमिनियमची? आधी ती ओढणार कोण ते बघा

प्रश्न थोडक्यात: इंदूरच्या लोकमान्य नगरातले एक वाचक, वय ६३, पिथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता रिटायर. मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू टेक्सासला डॅलसजवळ असतात, हे नवरा-बायको दरवर्षी फेब्रुवारी-मार्चला जाऊन काही महिने राहतात. यांना लहानपणापासून यशवंत सागर, चोरल या तलावांवर गळ टाकून बसायची आवड, मुलालाही तीच लागली, आणि तिकडे बास नावाच्या माशाचं भयंकर वेड. आता एफडी मोडून मुलाला बास बोट घेऊन द्यायचीय, बजेट २५,००० डॉलर म्हणजे साधारण २२ लाख रुपये. मुलाने नवी अ‍ॅल्युमिनियमची बघितलीय, १७ फुटी, ७५ हॉर्सपॉवरची. यांनी तेवढ्याच पैशात २००९ ची जुनी फायबरग्लासची शोधून काढली, २० फूट ५ इंच, २२५ हॉर्सपॉवर. यांचं म्हणणं, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे पातेल्याचा पत्रा, दगडाला लागला की पोचा पडणार, फायबर दणकट आणि जड म्हणून पाण्यात सेफ, शिवाय यांना कमरेचा त्रास आहे, आणि द्यायचंच तर नाव घेण्यासारखं द्यावं. मुलगा "हो बाबा, बघू" म्हणून टाळतोय. शेवटी एक विचारलंय, पकडलेला मासा घरी आणता येतो का?

नमस्कार काका,

पत्र वाचून आधी बरंच वाटलं, कारण मुलगा परदेशी गेला की बाप-लेकांना दोन तास शेजारी बसायला निमित्त सापडत नाही, तुमच्याकडे ते आहे. माझं मत सरळ सांगते, मुलाची निवड मला बरोबर वाटते. पण तुमचं सगळं चूक आहे असं अजिबात नाही, कमरेचा मुद्दा तर अगदी खरा आहे आणि तो तुम्ही एका ओळीत उरकून टाकलात, खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. त्याच्यावर येतेच.

आधी तो पातेल्याचा पत्रा. तुम्ही पिथमपूरला आयुष्य काढलंत, तुम्हाला मी मिश्रधातू काय सांगणार, पण बोटीला जो पत्रा लावतात तो बर्तन बाजारातला नाही, ५०५२ ग्रेडचा, मॅग्नेशियम घातलेला आणि बऱ्याच बोटींमध्ये अडीच मिलीमीटरच्या आसपास जाड. दगडाला लागला तर पोचा पडेल हे खरंच आहे, पण पोचा पडून बोट घरी येते, फायबरला तोच दगड जोरात लागला तर वरचा चकचकीत थर, जेलकोट, उडतो, कधी आतपर्यंत तडा जातो, मग ते ग्राइंड करून पुन्हा ग्लास आणि रेझिन भरून रंग जुळवायचं काम, आणि अमेरिकेत मजुरी काय असते ते तुम्हाला मुलाच्या प्लंबरच्या बिलावरून कळलंच असेल.

आणि डॅलसकडच्या तलावात दगडापेक्षा लाकडाची भीती जास्त. तिकडचा बासचा सगळ्यात नावाजलेला तलाव म्हणजे लेक फोर्क, घरापासून दोनेक तासांवर असेल. १९८० ला तिथलं धरण पूर्ण झालं तेव्हा झाडं बरीचशी मुद्दाम तशीच उभी ठेवली, माशांना आसरा म्हणून. आपल्या नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणात जंगल बुडालं, हरसूद गाव बुडालं, तसंच समजा, फक्त तिथे त्या खोडांच्या मधूनच बोट घालायची असते कारण बास तिथेच बसतो. त्यात तुम्ही जाता फेब्रुवारी ते मे, नेमका त्याचा अंडी घालायचा सीझन, मासा काठाजवळ उथळ पाण्यात आलेला असतो, म्हणजे खोडं आणि बोटीचा तळ यांची गाठ पडणारच. हलकी बोट कमी पाण्यात तरंगते, लागली तरी ढकलून निघते. तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप "ठोकर लागली तर काय" हा आहे ना, तो खरं तर अ‍ॅल्युमिनियमच्याच बाजूने जातो.

मग यूट्यूबवर सगळे मोठे खेळाडू फायबरच्याच बोटीत कसे दिसतात? कारण ते टूर्नामेंट खेळतात, पहाटे सुटायचं, भल्या मोठ्या पाण्यावर लाटा कापत तीस-चाळीस किलोमीटर लांब जायचं, दहा मिनिटं वाचली तर तेवढे जास्त गळ पाण्यात. त्यासाठी वजन पाहिजे, वेग पाहिजे, फायबरला पर्याय नाही. १९६८ ला आर्कान्सामधल्या फ्लिपिन गावात फॉरेस्ट वूड यांनी रेंजर सुरू केली तेव्हापासून ती चमचमती फायबरची बोट म्हणजेच बास बोट हे चित्र डोक्यात बसलंय. पण १९७८ ला बास प्रो शॉप्सच्या जॉनी मॉरिस यांनी अ‍ॅल्युमिनियमची बोट, इंजिन आणि ट्रेलर असं सगळं एकत्र पॅकेज करून ट्रॅकर नावाने विकायला काढलं, आणि नोकरी करून शनिवारी मासे धरणाऱ्या साध्या माणसाच्या दारात बोट आली ती त्याच्यामुळे. तुमचा मुलगा टूर्नामेंट खेळत नाही, तो शनिवारचा माणूस आहे.

आता "जड म्हणून सेफ". यात एक गोष्ट बहुतेक तुम्हाला कुणी सांगितली नसणार. अमेरिकेत २० फुटांच्या आतल्या आउटबोर्ड, म्हणजे इंजिन मागे बाहेर टांगलेल्या, बोटींना कायद्याने असा फोम भरावा लागतो की आत पाणी भरलं तरी बोट आडवी न होता सपाट तरंगत राहील, आणि किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर हे सांगणारी प्लेट आत लावावी लागते. २० फूट किंवा त्याच्या वरच्या बोटींना हे बंधन नाही. बऱ्याच चांगल्या कंपन्या मोठ्या बोटीतही फोम भरतात, पण तुम्ही शोधलेली २० फूट ५ इंचाची आहे, म्हणजे तिथे विचारून खात्री करायला हवी, १७ फुटीला ते मुळातच आलंय. आणि वेगाचं काय? २२५ हॉर्सपॉवरची बास बोट ताशी १०० किलोमीटरच्या वर जाते काका, पाण्यावर, ब्रेक नसलेली. त्या वेगाला ती डावी-उजवीकडे झुलायला लागते आणि तिला सांभाळणं शिकावं लागतं, नवख्या माणसाचं ते काम नाही. त्या बोटीत तुमचा सात वर्षांचा नातू बसणार आहे. ७५ हॉर्सपॉवरची ५५-६० ने जाते, तलावावर तेवढं पुरे होतं.

नातवाचा विषय निघालाच तर बास बोट फायबरची असो नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची, काठ दोन्हीचे बुटकेच असतात आणि पुढचा डेक सपाट उघडा असतो, उभं राहून गळ फेकायला सोयीचा, पण पोराने धावायला वाईट. टेक्सासमध्ये १३ वर्षांखालच्या मुलाला चालत्या बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालावंच लागतं, मी म्हणेन तुम्हीपण घाला, काकूपण. आणि इंजिनचा किल कॉर्ड, म्हणजे चालवणाऱ्याच्या जॅकेटला अडकवायची दोरी, माणूस पडला की इंजिन बंद, ती लावणं १ एप्रिल २०२१ पासून अशा बोटींना तिकडे सक्तीचं आहे, मुलाला सांगायची गरज पडू नये पण सांगा. सून आणि नातू नेहमीच येणार असतील तर फिश अँड स्की म्हणतात तसली बोट एकदा बघायला सांगा, काठ जरा उंच, बसायला जागा जास्त, मासेमारीला थोडी कमी सोयीची पण घरच्यांना बरी. तुम्ही दोघांनी बास बोट हेच गृहीत धरलंय, सुनेला कुणी विचारलंय का हे पत्रात कुठे दिसलं नाही.

आता कंबर. इथे फायबर जिंकतं आणि चांगलंच जिंकतं. जड बोट, तळाला धारदार व्ही आकार, ती लाट कापत जाते, अ‍ॅल्युमिनियमची हलकी आणि बऱ्यापैकी चपट्या तळाची बोट लाटेवर आपटते, प्रत्येक आपटणं सीटमधून थेट मणक्यात. डॅलसजवळचे लेक लुइसव्हिल, लेक रे हबर्ड हे मोठे उघडे तलाव आहेत, वीस-तीस हजार एकरांच्या घरातले, आणि मार्च-एप्रिलला तिथे दक्षिणेचा वारा दुपारी असा सुटतो की विचारू नका. तुम्ही जाता तेव्हाच. हलकी बोट वाऱ्याने वाहूनही जाते, गळ टाकला तिथे थांबतच नाही. म्हणून मुलगा म्हणाला असता की आम्ही बहुतेक वेळा अशा मोठ्या उघड्या पाण्यावर लांब लांब जाणार, तर मी सरळ तुमच्या बाजूने बोलले असते. पण तुम्ही दोघं पहाटे जाणार, वारा सुटायच्या आत एखाद्या खाडीसारख्या कोपऱ्यात शिरून तिथेच चार तास काढणार, असं असेल तर आपटण्याचा प्रश्न जायच्या-यायच्या पंधरा मिनिटांपुरता राहतो, तेवढं हळू चालवून निभतं, आणि स्प्रिंग लावलेला सीटचा पाया वेगळा विकत मिळतो तो तुमच्या सीटला लावून घ्या. वाहून जाण्यावर उपाय म्हणजे जीपीएसवाली ट्रोलिंग मोटर, पुढे लावायची छोटी इलेक्ट्रिक, बटण दाबलं की ती स्वतःच फिरून फिरून बोट एका जागी धरून ठेवते. महाग आहे, भारीतली घेतली तर हजार-दोन हजार डॉलर सहज जातात. पण तुम्हाला नाव घेण्यासारखं काहीतरी द्यायचंय ना, मग बोट मुलाच्या पसंतीची आणि ही मोटर तुमच्याकडून, रोज तिचाच उपयोग होणार आहे बघा.

आता मुलगा "बघू" का म्हणतो त्याचा मला आलेला अंदाज. त्याच्याकडे गाडी कोणती आहे? मिडसाइज एसयूव्ही असेल तर तिची ओढायची मर्यादा बहुतेक ५,००० पौंड, म्हणजे २,२५० किलोच्या आसपास. तुमची फायबर, २२५ चं इंजिन, दोन एक्सलचा ट्रेलर, भरलेली टाकी, तीन-चार बॅटऱ्या, सगळं मिळून दोन हजार किलोच्या आसपास जातं, म्हणजे अगदी काठावर, त्यात तुम्ही पाच जण आणि डबे. बोट काढून घ्यायचा रॅम्प शेवाळलेला ओला चढ असतो, तिथे काठावरचं वजन ओढताना मागची चाकं घसरली की तोंडचं पाणी पळतं. मुलाची अ‍ॅल्युमिनियम ट्रेलरसकट हजार-अकराशे किलो. मग ठेवायची कुठे? तिकडची गॅरेजं साधारण २० ते २२ फूट खोल, आणि कॉलनीची जी असोसिएशन असते, एचओए, ती बऱ्याच ठिकाणी घरापुढे बोट उभी करूच देत नाही, नोटीस येते, दंड लागतो. म्हणजे मोठ्या बोटीला बाहेर भाड्याची जागा, महिन्याला शंभर-दीडशे डॉलर, आणि घरात नसलेली बोट शनिवारी पहाटे काढायचा कंटाळा येतो तो वेगळा. हे सगळं मुलाच्या डोक्यात असणार, पण बाबा एफडी मोडून देतायत तर त्यांना गॅरेजची लांबी कुठे सांगत बसू असं त्याला वाटत असणार. तुम्ही वर्षातले काही महिने तिथे असता, बाकीचे महिने ती बोट धुणं, ओढणं, बॅटरी चार्ज करणं, थंडीत इंजिन झाकणं, इन्शुरन्स भरणं हे तो करणार. म्हणून माझ्या मते शेवटचा शब्द त्याचा असावा, पैसे तुमचे असले तरी.

तरीही तुमचा जीव त्या जुन्या फायबरवर असेल तर किमान बघून तरी घ्या, आणि हे इतर वाचकांनाही उपयोगी पडेल कारण नवी अ‍ॅल्युमिनियम की तेवढ्याच पैशात जुनी फायबर हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. फायबर सडत नाही हे खरं, पण जुन्या पुष्कळ फायबर बोटींच्या आत लाकूड असतं, डेकखालच्या लांब पट्ट्यांत आणि ट्रान्सममध्ये, म्हणजे मागची भिंत जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. २००९ पर्यंत बऱ्याच कंपन्यांनी लाकूड सोडलं होतं, सगळ्यांनी नाही. स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपतं आणि बाहेरून चमक तशीच राहते. बघायचं कसं, तर इंजिन खाली असताना त्याच्या खालच्या भागावर, प्रोपेलरच्या वरच्या चपट्या प्लेटवर पायाने हळूच भार द्यायचा आणि ट्रान्समकडे बघायचं, भिंत हलताना दिसली, कोपऱ्यात बारीक तडे दिसले तर तिथूनच नमस्कार करून निघायचं. रबरी हातोडीने ठोकत जायचं, घट्ट आवाज येता येता मध्येच बद्द आवाज आला तर आत सडलंय. हे कान तुमचे तयार आहेत, बेअरिंगचा आवाज ऐकून मशीन ओळखणारा माणूस हे पाच मिनिटात शिकेल. इंजिनच्या गिअरचं तेल काढून बघायचं, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. कॉम्प्रेशन टेस्ट करायची. पाण्यात घातल्याशिवाय तर घ्यायचीच नाही. आणि टेक्सासमध्ये बोटीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, वेगळं, आउटबोर्ड इंजिनचं वेगळं, दोन्ही कागद विकणाऱ्याच्या नावावर हवेत. २२५ च्या जुन्या इंजिनाने मान टाकली तर नव्यालाच वीस-पंचवीस हजार डॉलर लागतात, म्हणजे अख्खी बोट पुन्हा घेतल्यासारखं.

अ‍ॅल्युमिनियममध्येही बघण्यासारखं आहे, सगळं गोड नाही. रिव्हेट मारलेली स्वस्त, पण वर्षानुवर्षं आपटून रिव्हेट सैल होतात आणि झिरपायला लागतात, वेल्ड केलेली जरा महाग पण घ्या तीच. ट्रेलरवर बोट ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकते त्या पट्ट्या ट्रीटेड लाकडाच्या असतील तर त्यात तांबं असतं, ओलं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आलं की पत्रा खाल्ला जातो, तुम्हाला हे लगेच कळेल. साध्या लाकडाच्या पट्ट्या हव्यात. आवाज होतो, बोटीत काही पडलं की ठण्णकन, मासे बिचकतात, म्हणून डेकवर कार्पेट असतं. उन्हात उघडा पत्रा भाजतो. विकताना किंमत फायबरच्या दिमाखाइतकी येत नाही, पण लवकर विकली जाते.

एक करा, घ्यायच्या आधी एक दिवस गाइड बुक करा. लेक फोर्कला भरपूर गाइड आहेत, दिवसाचे चार-पाचशे डॉलरच्या घरात घेतात, त्यांच्या बोटी बहुतेक फायबरच्या. तुम्ही दोघंच जा. फायबर कशी चालते ते तुमच्या कमरेला कळेल, आणि दुसऱ्या शनिवारी कुठल्यातरी मरीनावरून, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरून, अ‍ॅल्युमिनियमची भाड्याने घ्या. मग जे काय ठरवाल ते अंगाने अनुभवून ठरवाल आणि मुलगा "बघू" म्हणणार नाही.

पैशाचं पटकन. बाहेर गिफ्ट म्हणून पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २०% टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, २२ लाख एकदम एकाच पॅनवर पाठवले तर २ लाख ४० हजार अडकतात. बुडत नाहीत, रिटर्न भरताना मिळतात, पण तोवर हातात नसतात. काकूंची स्वतःची एफडी असेल तर थोडे त्यांच्या खात्यातून, थोडे ३१ मार्चच्या आधी आणि थोडे नंतर, असं केलं तर बहुतेक कापलंच जाणार नाही, तुमच्या सीएला विचारून घ्या. आणि खरं सांगू का, ६३ व्या वर्षी अख्खी एफडी मोडू नका. निम्मे तुम्ही द्या, निम्मे त्याला घालू दे, त्यालाही बोट आपली वाटायला हवी. तिकडे बोटीवर ६.२५% सेल्स टॅक्स, रजिस्ट्रेशन, जॅकेटं, कव्हर असा वरचा खर्च येतोच, बजेट २५ हजार डॉलर असेल तर बोट २१-२२ हजारांची बघा.

आणि मासा. आणता येतो, पण तुम्हाला स्वतःचं नॉन रेसिडेंट फिशिंग लायसन्स काढावं लागेल, ऑनलाइन मिळतं, एक दिवसाचंही मिळतं, मुलाच्या लायसन्सवर तुम्ही गळ टाकलात तर गेम वॉर्डन, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम बघणारा अधिकारी, दंड करतो. लार्जमाउथ बास, म्हणजे ज्याचं तिकडे वेड आहे तोच मासा, साधारणपणे १४ इंचाच्या वरचेच ठेवता येतात, दिवसाला माणशी पाच, पण लेक फोर्कवर नियम उलटा आहे, १६ ते २४ इंचातला प्रत्येक लार्जमाउथ परत सोडावा लागतो, मोठी मादी वाचावी म्हणून. बोटीत मोजपट्टी ठेवा. तसंही तिकडचे लोक बास खातच नाहीत म्हटलं तरी चालेल, पकडून फोटो काढून सोडतात. तुम्हाला कालवण आणि तळलेल्या तुकड्या हव्या असतील तर क्रॅपी आणि कॅटफिश धरा, दोन्ही त्याच तलावात मिळतात, क्रॅपीचं मांस पांढरं आणि गोड, काकूंना म्हणावं इंदूरहून मसाला बांधून घ्या.